ओटीवर रेड्याचंच बोला

— न्हाई वो गौतमी म्याडम, तुम्ही जनावरांच्या डॉक्टर, पण रेड्यात खोट कशी असंल? बघा तरी त्याच्याकडं — ही मान, ही छाती! म्हैस नुसती दिसली की दावं तोडतो. आन् मागल्या खेपंला तुम्हीच काचंवर घेऊन दुर्बिणीत बघून म्हणला हुता ना — बीज झकास हाय, सरळ पळतंय म्हणून? मंग गावातल्या म्हशी उलटत्यात, पुन्हा माजावर येत्यात, त्यो म्हशींचाच दोष. त्या साळूबाईला मी तोंडावर म्हणलं, बाई गं, तुझी म्हैसच वांझोटी. तिनं म्हशीला बाजार दाखवला. खाटकानं नेली म्हणं... आता तुम्ही अशी मान हलवू नका. रडली हुती वो बाई.

बरं, परत सांगा. माझं डोस्कं आज ठिकाणावर न्हाई. ओटीवर माणसं बसल्यात ना — आमचं व्याही, आनंदराव, इनामगावचं. सायलीला, आमच्या सुनंला न्यायला आल्यात. न्हाई, माहेरपणाला कुठलं? कायमची. — ते ऱ्हाऊ द्या, तुम्ही रेड्याचं सांगा. म्हंजी बीज पळतंय, पोचतंय, गर्भबी धरतोय — मंग? त्या बीजाच्या पोटात बापाचं निरोप असत्यात? बारीक बारीक — आरएनए का काय ते — कुठलं काम कवा चालू करायचं, कवा थांबवायचं, ते सांगणारं? आन् उन्हाळ्यात पत्र्याखाली रेडा तापला की ते निरोपच बिघडत्यात... पक्कं न्हाई, पण दिसतंय तसं. बरं. दुर्बिणीत ते कळत न्हाई, प्रयोगशाळेतच काढावं लागतं. आन् मंग धरलेलं गळून जातं. म्हशीचा काय दोष नसतो त्यात.

ऐकतीय की. — उष्णतेनंच म्हणता? मंग भट्टीची उष्णता? न्हाई, आपलं तसंच इचारलं. आमचा विक्रम तिकडं शिरूरकडं कारखान्यात हाय, भट्टीपुढंच उभा असतो, घरी येतो तवा डोळं नुसतं इंगळावानी लाल. तपासणी झालीय त्याची दौंडला. नॉर्मल! डॉक्टर म्हणला, पोराला काय धाड भरली न्हाई. आन् सायलीला दोनदा दिवस गेलं, दोन्ही खेपंला धरलं आन् गेलं — मंग माणसानं काय म्हणायचं, तुम्हीच सांगा! मी म्हणलं, बी चांगलं हाय, रानच नापीक. भरल्या घरात म्हणलं. जीभ झडली न्हाई माझी. ती खाली मान घालून भाकऱ्या थापत ऱ्हायली. तळेगावची एक पोरगीबी बघून ठेवलीय आम्ही — अगं बाई, हे तुम्हाला कशाला सांगितलं मी! कुणाला बोलू नका. आनंदरावांना अजून ठावं न्हाई ते.

तुम्ही तरी सांगा की, माणसाचंबी असंच असतं का? — ‘माणसाचं सांगता येत न्हाई, आम्ही जनावरांचंच बघतो’ — व्वा! मंग आजच कशाला तडमडलात? उद्या आला असता तर सगळं उरकलं असतं, मी सुखानं झोपले असते. आन् रेड्याला काय करायचं म्हणता? सावली, अंगावर पाण्याचा फवारा, दोन-तीन महिनं विसावा, मंग पुन्हा बघायचं. सुधरंलबी म्हणता. बघा! रेड्यासाठी थांबायला आमचं मालक लगीच तयार व्हत्याल, छप्परबी घालत्याल. आन् तिकडं मधल्या खोलीत पोरगी ट्रंक भरून बसलीय.

मी सांगू विक्रमला? मी? अवो, आई हाय मी त्याची. आधीच डोस्क्यानं तापट. बापाम्होरं, सासऱ्याम्होरं ‘बाबा, तुझ्यातच खोट असंल’ म्हणलं तर ताट भिरकावून देईल, घर सोडून जाईल. भ्या वाटतं मला त्याचं. पोटच्या पोराचं भ्या वाटतं, आता सांगून टाकते.

थांबा, पिशवी उचलू नका. — उचला, पण मागच्या दारानं जाऊ नका. ओटीवर जावा. रेडा आमच्या मालकांचा हाय, त्यांना सांगायचंच हाय ना तुम्हाला? मंग सांगा. दुर्बिणीत सगळं नॉर्मल दिसतं, तरी आत निरोप बिघडतो, धरलेलं गळतं, मादीचा दोष नसतो — समदं सांगा. माणसाचं एक अक्षर काढू नका. तुम्हाला खोटं बोलायचं न्हाई ना? मंग नुसतं रेड्याचंच बोला. लेकी बोले सुने लागे म्हणत्यात, आज लेकाला लागू द्या. विक्रम तिथंच खांबाला टेकून बसलाय. आन् जरा मोठ्यानं बोला म्याडम, मधल्या खोलीत ऐकू जाऊ द्या तिला.

मी? मी न्हाई येत. मला शेण काढायचंय. — जावा म्हणते ना! ट्रंक गाडीत चढायच्या आत जावा.