पाण्यावर मुभा

आवं, कडी कितीदा बी वाजवा, कुलूप काय बोलणार हाय का — या इकडं, ह्या बाजेवर बसा सावलीला. रेवणअप्पा-उमाक्का दोघं बी चकलांब्याला गेलेत, बारशाला, उमाक्काच्या भाचीला पोरगं झालंय. दुकान बी बंदच दिसलं असंल तुमाला. दुपारच्या गाडीनं येतील, ती गाडी येळेवर येती असं न्हाई, पण येती. मी छबुबाई, शेजारीण ह्यांची — भिंतीला भिंत हाय आमची, तिकडं फोडणी पडली की इकडं मला ठसका लागतो, म्हणून सांगते, जे काय विचारायचं ते मला विचारलं तरी चालंल. रेवणअप्पांचं जेवण, झोप, गोळ्या, समदं मला पाठ हाय. तुमी बियाण्याच्या कंपनीचे का? न्हाई? मंग त्या बोटीच्या सहलीचे. असं म्हणा की आधी. मला वाटलं कुणी वसुलीवाला हाय, म्हणून मगापासून खिडकीतून नुसती बघत बसलती.

बोटीचं ठाऊक हाय मला समदं. मुंबईहून सुटती, पार लक्षद्वीपाला जाती, आत नाटकाचं थेटर हाय आन पोहायचा हौद बी — समुद्रात पुन्हा हौद कशाला ते मला कळलं न्हाई, पण असंल. अप्पांनी यंदा कपाशीचं बियाणं साऱ्या गेवराई तालुक्यात जास्त विकलं, म्हणून कंपनीनं स्कीम दिली, दोघांना फुकट. खरं सांगू का, त्यात आमच्या मालकांचा बी हात हाय. आमचे हे ज्या पिशवीला हात लावतील ती पिशवी अर्धं गाव नेतं, तसं वजनच हाय ह्यांच्या शब्दाला, ह्यांनी पारावर बसून सांगितलं आन अप्पांच्या दुकानासमोर रांग लागली. आता स्कीम दुकानदाराला असती, शेतकऱ्याला न्हाई, त्याचं काय वाईट वाटून घ्यायचं. उमाक्का गेली की मी गेल्यासारखंच हाय. तिला मी म्हणलं बी होतं एकदा, तू समुद्राला भेतीस तर मी येते तुझ्यासंगं, दोघी जाऊ, अप्पांना राहू दे दुकानात — तर ती म्हणली, न्हाई गं छबू, दुसरी जागा फकस्त नवरा-बायकोलाच देतात, नाव बदलत न्हाईत. मी म्हणलं, मंग ऱ्हायलं. मला नुसता समुद्र बघायचा होता, दुसरं काय.

पण तयारी म्हणाल तर समदी माझ्या हातची. पोरीनं पुण्याहून मला चाकाची बॅग आणून दिलती, कोरी होती, कव्हर बी काढलं नव्हतं — उमाक्का मागाय आली, म्हणलं ने. चाकांना तेल मीच घातलं. आन कुणाला सांगू नका, आतल्या चेनच्या कप्प्यात मी एक पुरचुंडी ठिवलीय. आमच्या शेतातली चिमूटभर माती. माझी आई कुणी लांब निघालं की त्याच्या गाठोड्यात बांधायची, मातीला म्हणे घरची वाट सापडती. उमाक्काला ठाऊक न्हाई. तिला पाण्याचं भ्या वाटतं ना, म्हणून गपचिप ठिवली. ती गेली की गल्लीत मी एकटीच, कारण त्याच आठवड्यात आमचे मालक बी अंबाजोगाईला चाललेत, बहिणीकडं, डोळ्याचं ऑपरेशन करायचंय. मी येते म्हणलं तर म्हणाले, तू कशाला, म्हशीचं कोण बघंल.

काय म्हणता? पिण्याचं पॅकेज? म्हंजी आधीच पैसे भरायचे आन मंग बोटीवर कितीबी प्यायचं, कुणी विचारणार न्हाई. आन न्हाई भरले तर गिलासागणिक बिल. बरं. पाणी बी त्यातच का? — पाणी फुकट. चहा? — जेवणाच्या हॉलात चहा बी फुकट. मंग झालं की भाऊ, कशाला घ्यायचं ते. मी सांगते ना तुमाला अप्पांचं पिणं. गळ्यात लिंग हाय त्यांच्या, सकाळी पूजा झाल्याबिगर पाण्याचा थेंब घेत न्हाईत. मंग बशीतून चहा, कपातून प्यालेलं त्यांना पचतच न्हाई. दुपारी ताक. ताक हाय का बोटीवर तुमच्या? न्हाई. बघा. आन उमाक्काला मागं एका लग्नात कुणी थंड बाटली दिलती हातात, तिनं एक घोट घेतला, नाकातून बाहेर आला, ऱ्हायलेली गुपचूप कुंडीत ओतली. ते झाड बी जळालं. किती गिलास पिल्यावर फिटतं म्हणता पॅकेज, एका दिवसात? — एवढे? एवढं तर आमची म्हैस पीत न्हाई. लिवा तुमी, नको. बोटीत चढल्यावर महाग हुतं तर हू दे, घेणारच न्हाईत तर महाग काय आन सस्त काय.

पेन कावून खाली ठिवलं?

अप्पांनी हो म्हणलंय? स्वतः फोन करून? … न्हाई, तुमचं खरं हाय, चांगलं केलं इचारायला आलात, दुसरा असता तर पैसे घेऊन मोकळा झाला असता. पण अप्पा असं कावून म्हणतील — फळांच्या रसासाठी? अप्पा फळ चावून खातात. काय? एका खोलीतल्या एकानं घेतलं की दुसऱ्याला घ्यावंच लागतं? हा कुठला कायदा काढला. — हां, एकानं पैसे भरायचे आन दोघांनी एकाच गिलासातून प्यायचं, तसं हू नये म्हणून. ती चलाखी आमच्यात बी चालती. तर तुमचं म्हणणं असं, की अप्पांना नकोच हाय, पण खोलीतल्या दुसऱ्याला पाहिजे, म्हणून अप्पांना घ्यावं लागतंय. आन त्यात दारू बी येती. म्हंजी उमाक्का दारू पिणार. थांबा, मला हसू द्या जरा. उमाक्का. दसऱ्याला आमच्या घरी गुलाबाचं सरबत केलं तरी ती आधी वास घेती.

न्हाई, भाऊ, दारूचं मला सांगू नका. दारूचं ज्ञान ह्या गल्लीत मला एकटीलाच हाय, आन ते मी हौसेनं न्हाई घेतलं. आता तुमी परके, उद्या निघून जाल, म्हणून बोलते. आमच्या पोरीचा साखरपुडा होता. पाहुण्यांची पंगत बसलती, वाढपी बासुंदी वाढत होते, आन आमचे मालक आले, चांगले आले, नवा सदरा घालून, आन व्याह्यांच्या पुढ्यातल्या पत्रावळीवर तोंड टेकून झोपले. कुणी काय बोललं न्हाई. तेच वाईट. बोलले असते तर बरं झालं असतं. उमाक्कानं मला घरात नेलं, माझं तोंड धुतलं, पाहुण्यांना सांगितलं की त्यांना साखरेचा आजार हाय, चक्कर आली. तिनं सांगितलं म्हणून लोकांनी मानलं, ती खोटं बोलत न्हाई हे साऱ्या गावाला ठाऊक हाय ना.

दुसऱ्या दिवशी रेवणअप्पा आले, आमाला दोघांना आमच्याच शेतात घेऊन गेले. परळीहून आणलेला बेल होता त्यांच्याकडं. ह्यांच्या ओंजळीत शेतातली माती ठिवली, वर बेल ठिवला, म्हणले, बोला. आता आधी हे किती येळा म्हणले होते, जन्मात शिवणार न्हाई — आन जन्म आठवड्यात सरायचा. म्हणून मी म्हणलं, अप्पा, जन्माचं नको, ह्यांना जन्म कळत न्हाई, जमीन कळती. शब्द मीच दिले. म्हणा, जोवर माझ्या पायाखाली जमीन हाय तोवर शिवणार न्हाई. तसं म्हणले, शब्दाला शब्द. आन पाळलं बरं का. तवापासून आजवर पाळलं. मी परीक्षा बघते अजून, खोटं कशाला बोलू. सांजेला शेतातून आले की मी टावेल द्यायला जवळ जाते. टावेल तिथंच खुंटीवर असतो, त्यांच्या हाताशी. त्यांना बी ठाऊक हाय मी कशाला जाते. तोंड जरा माझ्याकडं करून हां म्हणतात, मी वास घेते, मंग दोघं जेवायला बसतो. असा संसार हाय. वाईट न्हाई.

तर ज्या अप्पांनी बेल ठिवला ते दारूचे पैसे भरतील का? आन तेबी बायकोसाठी? तुमची काहीतरी गफलत झालीया. दुसरं कुणी असंल, रेवणसिद्ध नावाचे लई असतात.

उमाक्का जाणारच न्हाई? … कुणी सांगितलं तुमाला? अप्पांनीच. कवा — पहिल्यापासूनच? पण भाऊ, ती तर — तिनं पोलकं शिवाय टाकलंय बोटीसाठी, मला रंग दाखवला. माझी बॅग नेली. थांबा, थांबा, आन तुमचा नियम हाय ना, दुसरी जागा बायकोलाच म्हणून. — कुणालाबी चालतं. भाऊ चालतो, शेजारी चालतो. नाव बदलता येतं. असं. म्हंजी मी बी चालले असते. न्हाई, न्हाई, काय न्हाई, आपलं म्हणलं. मंग कोण चाललंय?

काय म्हणालात?

परत सांगा. … मला ते नाव घेता येत न्हाई भाऊ. आमच्यात न्हाई घेत. लग्नात उखाण्यात घेतलं, पोरीच्या लग्नात घ्यायला लावलं, बास, पुन्हा माझ्या तोंडून न्हाई निघालं. तुमी घेतलंत ते बरोबर हाय, आडनाव बी बरोबर हाय. डोळ्याचं ऑपरेशन हाय त्यांचं, त्या आठवड्यात. हाय म्हणजे — हाय असं मला सांगितलंय.

न्हाई, उठू नका. बसा. तुमची काय चूक. तुमाला काय ठाऊक मी कोण, मी तरी कुठं सांगितलं. चहा घ्या आधी. तुमी बोलला होता का त्यांच्याशी? दुकानात? हसत होते? … सांगा की, मी रागवत न्हाई. काय म्हणाले? ‘आमाला बंदी जमिनीवर हाय, पाण्यावर मुभा.’ आन तुमी हसलात. न्हाई, हसण्यासारखंच हाय ते. बसवलं चांगलं. आन अप्पा? अप्पा गप होते. अप्पा गप बसले म्हंजी त्यांना पटलं न्हाई, पण ज्याच्या शब्दावर बियाणं विकलं त्याला न्हाई कसं म्हणणार. अप्पांचं मी समजू शकते. दुकानदार माणूस. आन ह्यांचं बी समजू शकते, खरंच, ज्याला प्यायची असती तो फट शोधतोच, आन फट तर मीच ठिवली. मीच म्हणलं जमीन म्हणा.

पण ती रंग दाखवत होती मला पोलक्याचा. ह्याच बाजेवर बसून. मी म्हणलं, हिरवा नको, समुद्रात हिरवा दिसत न्हाई, लाल घे — आन ती म्हणली, बरं, लाल घेते. ज्या तोंडानं माझ्यासाठी पाहुण्यांपुढं खोटं बोलली ना भाऊ, त्याच तोंडानं. मला तवा वाटलं, माझ्यासाठी बोलली. आता कळंना ती कुणासाठी बोलती.

सांजेपर्यंत कळवायचंय म्हणता. मंग लिवा. घ्या पॅकेज. दोन्ही घ्या. परवडंल का म्हणून इचारायला आलता ना, तर परवडंल, अप्पांच्या वाटणीचं बी वसूल करतील ते, त्यांच्या पिण्याची काळजी करू नका तुमी. तुमी मला इचारलंत असं कुणाला सांगायचं न्हाई. बॅग बी ऱ्हाऊ द्या, मी मागत न्हाई. तुमी असणार का बोटीवर? असणार. मंग माझं एक काम करा. ते पहिला गिलास उचलतील — अडवू नका, उचलू द्या — तवा नुसतं इचारा, चाकाच्या बॅगच्या आतल्या कप्प्यात काय हाय बघितलं का. छबूनं बांधलंय म्हणा. कुठल्या शेतातलं ते त्यांना बघितल्यावर कळंल. खोल्या बारक्या असतात म्हणता ना बोटीवर, बॅगा पलंगाखालीच ठिवाय लागतात. तर पलंगाखालीच असंल, म्हंजी त्यांच्या पायाखालीच. मंग काय करायचं ते त्यांचं त्यांनी ठरवावं. मी टावेल घेऊन तिथं येणार न्हाई. आज सांजेला बी जाणार न्हाई.

गाडी आली वाटतं. हां, तीच. ती बघा, लाल पोलक्यातली, हातात डबा हाय, बारशाच्या घुगऱ्या असतील, माझ्यासाठी वेगळ्या काढून आणल्या असतील. मला सोडून ती काय खात न्हाई.

उठा भाऊ. जावा तिकडं, कुलूप उघडतील आता. — न्हाई उमाक्का, बसत न्हाई. ठिव तिथंच उंबऱ्यावर. — कुणी न्हाई, तुमचेच पाहुणे हायेत, सावलीला बसले होते. — न्हाई, मी काय बोलत नव्हते त्यांच्याशी.

सरक जरा. दार लावायचंय मला.