अकरा किलोची मोळी

जव्हारच्या नाक्यावर मोखाड्याची जीप भरायची वाट बघत उभी होती. आत दाटीवाटीत बसलेल्या नर्स प्रमिलाबाईंनी मोबाइल कानाला लावला होता खरा, पण बोलणं कधीच संपलं होतं. कान होते ते शेजारच्या चैतीकडे आणि वनशास्त्र शिकणाऱ्या तिच्या भाच्याकडे, रूपेशकडे.

“आत्या, तुमच्या पाड्यावर बावीस घरं. बावीस घरांचं सरपण मी तोललं, आणि सगळीकडे बरोबर अकरा किलो! सरांनी वजनांवर फुल्या मारल्या.”

“मारणारच. मोळी एकच होती.”

“एकच?”

“तुझा काटा बघून लोक घाबरले. म्हणाले, आज तोलतील, उद्या उचलून नेतील. सगळ्यांनी आपापलं सरपण लपवलं. मग तू पुढल्या दारानं निघालास, की मोळी मागल्या दारानं शेजारी.”

“मला सांगायचंस ना!”

“इतका मन लावून लिहीत होतास. तुझं मन मोडवेना रे.”

“आणि प्रत्येक मोळीला लाल पट्टी होती ती?”

“माझ्या परकराची नाडी. दोर तुटला होता.”

“मेलो! मी लिहिलंय, वनदेवाच्या नावानं लाल पट्टी बांधायची इथली जुनी रीत. तेवढ्यावर सर खूश झालेत. रीत बघायला अख्खा वर्ग घेऊन येतायत.”

“कधी?”

“उद्या सकाळी.”

“ओ डायवर, गाडी सोडू नको. दुकानातून एकवीस लाल नाड्या आणते. एक तर माझी हायच.”