चाळीस डॉलरचं थिएटर

— नाही रे राजा, चाळीस म्हणजे सगळ्याचे, एकेकाचे नाहीत! पाच छोटे स्पीकर, हा मोठा डबा — धडधड सगळी ह्याच्यातनं येते — आणि हे मधलं यंत्र. दुकानात सहाशे सांगितले ना तुला? सांगणारच, त्यांचं काय जातंय. तेवढा रिमोट नाहीये, आधीच सांगते, हरवलाय, अख्खं घर पालथं घातलं, फ्रीजच्या खालीसुद्धा हात घातला — म्हणून तर चाळीस. हाताने बटणं दाबायची, काय झिजशील?

वायरींवरच्या चिठ्ठ्या बघ — 'डावा, मागचा', 'उजवा, पुढचा' — आमच्या ड्वेनचं अक्षर. तो काय, गॅरेजच्या दारात चाकाच्या खुर्चीत पांघरूण घेऊन बसलाय, माझा नवरा. हात केलास तरी तो नाही करणार. फेब्रुवारीत पक्षाघाताचा झटका आला, तेव्हापासून बोलणं गेलं — 'हो' नाही, 'नाही' नाही, मानसुद्धा हलवत नाही. बत्तीस वर्षं डलूथच्या रस्त्यांवरचा बर्फ काढला रे त्याने, आणि रिटायर झाल्यावर दोन वर्षं हे जमवत बसला. रविवारी जाहिरातींचे कागद पसरायचा — हा कोणी परत केलेला, तो खोका फाटलेला, जे स्वस्त ते आमचं. मी म्हणायची, अरे, टीव्हीला आवाज आहे की! तर म्हणायचा, डार्लीन, तो नुसता ऐकू येतो, हा अंगावर येतो. काय बोलायचं अशा माणसाशी! मग खाली तळघरात सिनेमातली आगगाडी जायची आणि वर माझे कप नाचायचे. झाडूच्या दांड्याने ठोकायची मी — कमी कर, ड्वेन! — तर मेला अजून वाढवायचा. आता ठोकायला काही उरलंच नाही.

का विकतेय? अरे, सोमवारी मुलीकडे चाललोय, मिनीआपोलिसला. ट्रिशने एक खोली दिलीय — एक — त्यात दोन पलंग आणि ही खुर्ची, मला आडवंच चालावं लागणार. भिंतीपलीकडे तिचं तान्हं बाळ. कुठे ठेवू हे? सांग ना, कुठे ठेवू? — त्याला विचारलं का? कोणाला विचारू रे! डॉक्टर म्हणतात, त्याला सगळं कळतं. डॉक्टरचं काय, तो पाच वाजता घरी जातो. सात महिने मी भरवतेय, पुसतेय, डोळ्यांत बघतेय — तिथे मला कोणी दिसत नाही. कोणीच नाही. मी तर आता... शी, काय बोलतेय मी, गिऱ्हाइकासमोर. ऐकू जाईल त्याला. म्हणजे — जाऊ दे.

तू ह्या यंत्रातला रेडिओ लाव, खात्री करून घे. दाब ते गोल बटण. हां — बघ, कसा खणखणीत! — अगं बाई, बंद पडला? सकाळीही असंच झालं, चर्चमधल्या बाई आल्या होत्या, त्यांनी लावला की बंद. आणि मी एकटी होते तेव्हा तासभर वाजत होता, शपथ — मी कशाला फसवू तुला? गिऱ्हाईक आलं की ह्याला काय होतं कोण जाणे. परत दाब. हां, लागला. — गेला! आत्ता तर तू हातही लावला नव्हतास... थांब. कुठे बघतोयस? माझ्या मागे काय —

ड्वेन.

पांघरुणातनं काय बाहेर काढलंयस ते? दाखव. — अरे देवा, रिमोट! कधीपासून धरून बसलायस हा? सकाळपासून? तळघरातनं सामान वर आणत होते तेव्हापासून?

नाही म्हणतोय रे तो. सात महिन्यांत पहिल्यांदा काहीतरी म्हणतोय, आणि मी सकाळी, उन्हाने तापून बंद पडत असेल म्हणून, त्या यंत्रावर टॉवेल टाकला! नको, चाळीस ठेव खिशात. नाही विकायचं. कुठे ठेवणार ते मला विचारू नकोस, मला काही म्हणजे काही सुचत नाहीये. तो दिवा ने हवा तर, फुकट ने, आणि जा. — नाही, थांब, जायच्या आधी एकदा, एकदाच, परत लाव रेडिओ. मी इकडे तोंड करून बसते, त्याच्यासमोर.

लावलास? हां. आता गप्प. बोलू दे त्याला.