सहा इंच डावीकडे

अमेरिकेत, बॉथेलला बंदूक दुरुस्तीच्या दुकानात माझ्यापुढे दोघं मराठीत बोलत उभे होते. एक तिशीतला, दुसरे पांढऱ्या मिशांचे.

"काका, महायुद्धातल्या जुन्या रायफलची नवी कॉपी आहे ही. शंभर यार्डांवर प्रत्येक गोळी सहा इंच डावीकडे."

"अरे परीक्षित, जुन्या तरी कुठं फार सरळ जायच्या?"

"तुमची जुनी जाते ना सरळ. म्हणून मी रिव्ह्यूत स्पष्ट लिहिलं, दिसायला हुबेहूब, पण नेमाच्या नावानं बोंब. एकच स्टार दिला."

"काडतुसं बदलून बघितलीस?"

"तीन प्रकारची. एक्सेल शीट आहे माझ्याकडे."

तेवढ्यात दुकानदार आतून रायफल घेऊन आला. नळी आणि लाकडाच्या फटीत हे अडकलं होतं म्हणाला आणि काउंटरवर काहीतरी बारीक ठेवलं.

"परीक्षित, हा तांदूळ आहे. कुंकू लावलेला."

"दसऱ्याला पूजा केली होती. बायकोनं अक्षता वाहिल्या."

"किती?"

"मूठभर."

"अरे, नळी ढकलायला एक दाणा पुरतो. आणि त्याआधी कशी जात होती?"

"त्याआधी चालवलीच नव्हती. नवी वस्तू पूजेआधी कशी वापरायची?"

"बरं. आता घरी जाऊन पहिला तो रिव्ह्यू डिलीट कर."

"कसा करू, काका? खाली चाळीस जणांनी लिहिलंय, आमचीही डावीकडेच जाते."