लेकीच्या वर्गात

…नाही, पण उभं राहायची काही गरज होती का? तुम्हीच सांगा! शाळेचा पहिला दिवस, नववी ब चा वर्ग, मी आपली दप्तर छातीशी धरून दारातून आत पाऊल टाकतेय, तर चाळीस पोरं ताडकन उभी! "नमस्ते बाऽऽई!" मी म्हटलं, अरे बसा, बसा. बसली. वह्या उघडल्या, पेनांची टोपणं काढली, आता बाई काय शिकवतात म्हणून सगळी माझ्या तोंडाकडे बघतायत, आणि मी बघतेय, शेवटच्या बाकावर जागा आहे का! गेले, बसले. सगळ्या माना गर्रकन मागे. एकच मान वळली नाही. पहिल्या बाकावरची. माझ्या मुलीची.

हो, सख्ख्या मुलीची!

तुम्ही म्हणाल, बाई, अडतिसाव्या वर्षी हा उपद्व्याप कशाला? तर त्याचं असं झालं, शिवणवर्गात शिकवायची जागा निघाली. इतकी वर्षं मशीन चालवतेय, अर्ध्या शाळेचे गणवेश माझ्या हातचे, म्हटलं आपल्यालाच मिळणार. तिथले साहेब म्हणाले, "दहावी झालीय?" म्हटलं, आठवी. आई अंथरुणाला खिळली, पाठचे दोघे भाऊ लहान, शाळा सुटली ती सुटलीच. साहेब म्हणाले, "मग दहावी होऊन या." जसं काही कोपऱ्यावरून कोथिंबीर घेऊन या!

सगळे म्हणाले, बाहेरून परीक्षा द्या. दिली असती हो! पुस्तकंसुद्धा आणली. पण घरी पुस्तक उघडलं की दारात गिऱ्हाईक, "ताई, जरा बाही उसवलीय…" शेवटी गेले हेडसरांकडे. त्यांनी नियमांचं पुस्तक उलटंसुलटं चाळलं, चष्मा काढला, पुसला, परत घातला. म्हणाले, "वयाची खालची अट आहे. वरची लिहायचं कुणाच्या डोक्यातच आलेलं नाही." म्हटलं, मग कुणाच्या डोक्यात यायच्या आत मला घेऊन टाका! आता यावर माणसाने काय बोलायचं?

घरी सांगितलं. हे हसले, म्हणाले, "म्हणजे आता डबे दोन भरायचे." सासूबाईंनी विचारलं, "गिऱ्हाइकांना काय सांगू? बाई शाळेत गेल्यात?" आणि मुलगी… मुलगी चार दिवस बोललीच नाही. पाचव्या दिवशी अट आली. "शाळेत तू मला ओळखायचं नाहीस. हाक मारायची नाही. डबा संपवलास का, विचारायचं नाही." म्हटलं, बरं बाई. मग काय, रोज सकाळी एकाच दारातून दोघी निघायचो, ती पुढे, मी पन्नास पावलं मागे, चोरासारखी! पोटची पोर हो! आता यावर काय बोलायचं?

आणि गणवेश! जगाचे शिवले, स्वतःचा काही वेळेवर झाला नाही. पहिल्या दिवशी साडीतच गेले, मग आठवडाभर माझी डावी बाही नुसत्या धावदोऱ्यावर होती. फळ्यावर गणित सोडवायला हात वर केला असता तर हातात आली असती. अर्थात तशी वेळ येणारच नव्हती म्हणा! गणिताच्या बाई सव्वीस वर्षांच्या, कपडे माझ्याकडेच शिवायच्या. मला त्यांच्या कंबरेचं माप तोंडपाठ, त्यांना माझे गणिताचे मार्क. दोघी एकमेकींची झाकली मूठ सांभाळून होतो.

बाकावर माझ्या शेजारी कोण? तर भोंगा! ह्या मुलाला हळू बोलणं म्हणून माहीत नाही. तो कानात कुजबुजला की शाळेचा शिपाई व्हरांड्यातून डोकावायचा. "काकूऽऽ, तिसऱ्याचं उत्तर काय आलं?" अरे बाळा, मला पहिल्याचं आलं नाहीये! पण पोरगं गुणाचं. त्याने काकू म्हटलं म्हणून सगळ्या वर्गाची मी काकू झाले. मधल्या सुट्टीत माझ्या बाकाभोवती गर्दी. कुणाचं बटण तुटलंय, कुणाची शिवण उसवलीय, कुणाचं मैत्रिणीशी बिनसलंय, कुणाचे वडील घर सोडून गेलेत आणि ते कुणाला सांगायचं नाहीये… सुई-दोरा दप्तरात असायचाच. तुम्हाला सांगते, बटण लावताना माणूस खाली बघतो ना, समोरच्याला बोलायला बरं पडतं.

एकटी माझी मुलगी पुढच्या बाकावर पाठमोरी.

एकदा घरी आली, दप्तर आपटलं. म्हणाली, "भोंग्याच्या शर्टाला बटण लावलंस. माझं दोन दिवस तुटलंय."

म्हटलं, "अगं, पण आपली ओळख कुठे आहे!"

फणकाऱ्याने आत गेली. रात्री शर्ट मशीनवर ठेवलेला सापडला. गुपचूप बटण लावलं. आता काय बोलायचं?

अशी नववी सरली, दहावी आली, आणि अभ्यासाच्या सुट्टीआधी शेवटचा शनिवार, गणिताचा जादा तास. भोंगा म्हणतो, "काकू, तलावावर जायचं. अख्खा वर्ग. पुन्हा कधी एकत्र असणार?" म्हटलं, मला कशाला ओढता रे? तर म्हणतो, "तुम्ही नसलात तर तास बुडवला म्हणतील. तुम्ही असलात की सहल!" गणितात नापास होतो, पण हा हिशोब बघा त्याचा!

मी गेले हो. आयुष्यात कधी तास बुडवला नव्हता, बुडवायला तास होता कुठे? पायऱ्यांवर बसले, पाय पाण्यात सोडले. पोरं एकमेकांवर पाणी उडवतायत, कुणी गातंय, मी बघतेय, एवढ्यात शेजारी कुणीतरी येऊन टेकलं. माझी मुलगी. तिनेही पाय पाण्यात सोडले.

"इथे चालेल," म्हणाली. "इथे शाळा नाहीये."

आणि डोकं खांद्यावर ठेवलं. अख्ख्या वर्गाच्या देखत. मी हलले नाही. मुंगी चावत होती पायाला, तरी हलले नाही!

सोमवारी हेडसर वर्गात. "प्रत्येकाने उद्या पालकांना घेऊन यायचं!" मी उभी राहिले. म्हटलं, सर, मी आलेलीच आहे. ते म्हणाले, "ते मुलीचं झालं. तुमचे पालक?"

आता बोला! हे मालाची गाडी घेऊन परगावी. राहिलं कोण? सासूबाई! दुसऱ्या दिवशी सगळ्या आईबापांच्या रांगेत सासूबाई काठी टेकवत उभ्या, मी शेजारी मान खाली घालून. त्यांची पाळी आली. बसल्या. म्हणाल्या, "काय केलं हिने?" सर म्हणाले, "तास बुडवून तलावावर गेल्या." सासूबाईंनी माझ्याकडे वळून बघितलं. मी मनात म्हटलं, संपलं. तर त्या सरांना म्हणतात, "एकदाच ना? आमच्याकडे आल्यापासून ही कधी कुठे गेलेली नाही." मग म्हणाल्या, "अभ्यासात कशी आहे?" सर म्हणाले, "गणित कच्चं आहे." "बरं, मी बघते."

आणि बघितलं हो! त्या दिवसापासून ओटा त्यांच्या ताब्यात. मी मशीनकडे वळले की काठी आडवी. अक्षराची ओळख नाही, पण समोर बसून पाढे म्हणून घ्यायच्या, मी अडखळले की म्हणायच्या, "मघाशी वेगळं म्हणालीस."

निकाल लागला. भोंग्याला गणितात काठावर पस्तीस. मुलगी शाळेत दुसरी. मला गणितात सव्वीस. नापास. चाळीस जण पास, राहिले मी! आणि गंमत बघा, शाळेत दुसरी आलेली पोरगी हमसून हमसून रडतेय आणि सव्वीसवाली तिची समजूत घालतेय, "अगं, फेरपरीक्षा असते…" शाळेच्या भर पटांगणात हो! "आई, आई" म्हणत रडत होती. मला मार्क आठवेचनात.

मग दुसऱ्या दिवसापासून आमच्या घरी वर्ग! रोज दोघं-तिघं हजर. मुलगी पट्टी घेऊन, "आई, कंस आधी सोडव म्हटलं ना!" भोंगा म्हणायचा, "काकू, मी पस्तिसाची पद्धत शिकवतो, जास्त डोकं चालवायचं नाही." सगळ्यांच्या पद्धती वेगळ्या, माझं डोकं एक! पण निघाले. एकेचाळीस! भोंगा दोन दिवस फुगून बसला होता.

शिवणवर्गातली जागा? मिळाली. अजून तिथेच शिकवते. पण राग कशाचा येतो सांगू? शाळा सोडल्याचा दाखला आणायला गेले. सगळ्या वर्गाच्या दाखल्यावर वर्तणूक 'उत्तम'. भोंग्याचीसुद्धा उत्तम! माझी? 'समाधानकारक'! चाळिशीला आलेली बाई, संसार सांभाळला, माणसं सांभाळली, आणि समाधानकारक! सरांना विचारलं तर म्हणतात, "एवढ्या पोरांना तलावावर नेणारी मोठी व्यक्ती एकच होती, मी काय लिहिणार?"

तणतणत घरी आले, सासूबाईंना दाखला वाचून दाखवला. म्हटलं, बघा, काय लिहिलंय तुमच्या सुनेबद्दल!

त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाल्या,

"सतरा वर्षं मी वेगळं काय सांगत होते?"