क्लचवरचा पाय

लेक : नाही, फुकट बदलून नकोय मला. फुकट म्हणजे मेहेरबानी. मी मेहेरबानी मागायला आलेले नाही.

मिस्त्री : बरं, मग पैसे घेऊन बदलतो.

लेक : चेष्टा सुचतेय तुम्हाला?

मिस्त्री : नाही हो ताई. घाबरलो की माझ्या तोंडातून असंच काहीतरी निघतं. सर, तुम्ही आत या ना. टायरवर नका बसू, ते स्टूल घ्या. आणि तुमची चप्पल तिकडे दाराशीच राहिलीय. डावी.

सर : अं? हो की.

लेक : अहो बाबा! एका पायात चप्पल घालून चाललाय. लक्ष कुठंय तुमचं?

सर : तुझ्या आवाजाकडे. रस्त्यावरून जाणारे थांबून बघतायत.

लेक : बघू देत. सहा महिन्यांमागे यांनी नवी क्लचप्लेट घातली. काल छोटीला शाळेतून आणताना गाडी चढावर नुसती घुरघुरत राहिली आणि मागे सरकायला लागली. मागे! आत पोर बसलेली. जळका वास डोक्यात जाऊन ती घरी येऊन ओकली. एवढं झाल्यावर मी हळू आवाजात बोलू?

सर : हँडब्रेक लावला ना मी लगेच.

लेक : तुम्ही होतात म्हणून लावलात. दुसरं कुणी असतं तर? हे बघा मिस्त्री, मला तीन गोष्टी कळतात. पक्कं बिल, पार्टची हमी आणि काढलेला जुना पार्ट परत मिळणं. हे गिऱ्हाइकाचे हक्क आहेत.

मिस्त्री : बिल तुमच्याकडे आहे. आणि प्लेट या पिशवीत बांधून ठेवलीय, ही बघा. मी कुणाचाच जुना पार्ट ठेवून घेत नाही. गाडीसुद्धा गिऱ्हाइकासमोरच खोलतो.

लेक : मग सांगा की समोरासमोर. एवढी कोळसा कशी झाली ती? पार्ट खराब होता म्हणूनच ना?

मिस्त्री : पार्ट चांगला होता, ताई.

लेक : मग जळला कसा?

मिस्त्री : सर, पाणी देऊ का तुम्हाला?

लेक : बघा. उत्तर नाही.

मिस्त्री : उत्तर आहे. पण ते मी द्यावं असं नाही.

लेक : म्हणजे? वकिलासारखं बोलू नका.

सर : जाऊ दे गं. आपण दुसरीकडे नेऊ गाडी.

लेक : बाबा, काल तुम्हीच म्हणालात, डुप्लिकेट माल घातला असणार म्हणून.

सर : घातला असेल, असं म्हणालो.

लेक : आता शिष्याचं तोंड बघून पाघळू नका. मिस्त्री, अहो, स्टेअरिंग कसं धरायचं ते तुम्हाला यांनी शिकवलं. अर्ध्या शहराला शिकवलं. आणि तुम्ही फसवायला नेमका हाच माणूस निवडलात? लाज नाही वाटली?

मिस्त्री : वाटतेय. मघापासून वाटतेय.

लेक : छान. मग तेच लिहून द्या. खराब पार्ट बसवला, चूक झाली. नाहीतर माझी ग्राहक मंचाची तक्रार तयार आहे. कॉलनीच्या ग्रुपवर तर मी कालच टाकलंय.

मिस्त्री : हो, पोचलं. सकाळी शाळेच्या व्हॅनवाल्याचा फोन आला. यापुढे त्याच्या गाड्या इकडे येणार नाहीत. ताई, माझं अर्धं गॅरेज त्या गाड्यांवर चालतं.

लेक : त्याला मी जबाबदार नाही, तुमचा पार्ट जबाबदार आहे. थांबा, ऑफिसचा फोन आहे. तोवर कागद काढून ठेवा.

(लेक फोन कानाला लावून बाहेर जाते.)

मिस्त्री : सर.

सर : काही बोलू नकोस.

मिस्त्री : नाही बोललो. ताई समोर होत्या तोवर एक अक्षर बोललो नाही. पण प्लेट तुम्ही बघितलीत ना?

सर : बघितली.

मिस्त्री : घासून पार आतल्या खिळ्यांना, रिबिटांना टेकलीय. पार्ट खराब असला तर तो तुटतो, उकलतो. असा सगळीकडून सारखा झिजून जळत नाही. असा तो एकाच कारणानं जळतो, आणि ते कारण मला कुणी शिकवलं? क्लच म्हणजे पाय टेकायचा पाट नव्हे! फूटपट्टी असायची तुमच्या हातात. माझा डावा गुडघा अजून ओळखतो ती पट्टी.

सर : ठेवत नाही रे मी पाय.

मिस्त्री : सर.

सर : खरंच ठेवत नाही. मी उचलतो. म्हणजे मला वाटतं उचलला. मग गाडी जड वाटते, खाली बघतो, तर पाय तिथंच. माझाच पाय, आणि तो कुठंय ते बघून कळतं मला.

मिस्त्री : कधीपासून?

सर : साखरेचं दुखणं जुनं आहे. पाय बधिर व्हायला लागला गेल्या वर्षात. परवा अंघोळीचं पाणी पायावर ओतलं, कढत होतं. फोड आल्यावर समजलं.

मिस्त्री : ताईंना ठाऊक आहे?

सर : पायमोजे घालतो मी घरातसुद्धा.

मिस्त्री : उजवा तरी ठीक आहे ना? ब्रेकचा? सर, मी काय विचारतोय?

सर : डाव्यापेक्षा बरा आहे.

मिस्त्री : अहो, छोटी असते गाडीत!

सर : ओरडू नकोस. कळतं मला. तूही हसशील, पण मला त्या घरात तेवढंच एक काम आहे. तिला सोडायचं, आणायचं. येताना ती मला गिअर विचारते. आजोबा, आता कितवा? मी सांगतो. बाकी दिवसभर माझ्याकडे कुणी काही विचारायला येत नाही. चावी गेली की मी नुसता जेवणारा माणूस.

मिस्त्री : हसत नाहीये मी.

सर : काल लेकीनं विचारलं, असं कसं झालं बाबा? माझ्या तोंडून निघून गेलं, पार्ट डुप्लिकेट असेल. एवढं सोपं होतं ते. मला वाटलं, चार शिव्या घालेल नि विसरेल.

मिस्त्री : व्हॅनवाल्यानं मला ग्रुपचा फोटो पाठवला सर. ताईंचा मेसेज. त्याच्याखाली लोकांनी अंगठे दिलेत. एक तुमचा आहे.

सर : हो.

मिस्त्री : तो कशाला दिलात?

सर : ती शेजारी बसली होती. म्हणाली, बाबा, बघा कसं लिहिलंय. दिला. तुझ्या नावावर मी माझ्या हातानं अंगठा दिला. मेल्याहून मेल्यासारखं झालंय मला कालपासून.

मिस्त्री : ऐका. त्या यायच्या आत ऐका. मी लिहून देतो, पार्ट खराब होता. करतो सही. पण आजपासून तुम्ही गाडीला हात लावायचा नाही. काय वाटेल ते सांगा घरी. कंटाळा आला म्हणा, चष्म्यातून नीट दिसत नाही म्हणा.

सर : आणि तुझं गॅरेज?

मिस्त्री : लोक विसरतात. कामाला हात आहेत माझ्याकडे. बोला सर, कबूल?

सर : कबूल.

(लेक फोन संपवून आत येते.)

लेक : झालं? काढलात कागद?

मिस्त्री : हा घ्या. तुम्ही सांगा, मी लिहितो. अक्षर मात्र खराब आहे.

लेक : लिहा. मी, गॅरेजचा मालक, लिहून देतो की सदर गाडीत मी हलक्या दर्जाची क्लचप्लेट बसवली.

मिस्त्री : हलक्या... दर्जाची...

लेक : ही बाब मी गिऱ्हाइकापासून लपवून ठेवली.

मिस्त्री : लपवून...

लेक : त्यामुळे गाडीतील लहान मुलीच्या जिवाला धोका निर्माण झाला. काय झालं? थांबलात का?

मिस्त्री : नाही. लिहितोय. लहान मुलीच्या...

सर : पेन ठेव.

मिस्त्री : सर, ठरलंय आपलं.

सर : ठेव म्हणतो ना! इकडे बघ गं. क्लच लवकर कशानं जळतो?

लेक : बाबा, आत्ता काय हे? तुमचा क्लास आहे का?

सर : तुलाही मीच शिकवलंय. सांग.

लेक : खराब मालानं.

सर : फूटपट्टी नाहीये माझ्याकडे. नीट उत्तर दे.

लेक : क्लचवर पाय ठेवून चालवलं तर. पण ही गाडी तुमच्याशिवाय कुणी चालवतच... बाबा?

सर : बोल पुढं.

लेक : तुम्ही कसे ठेवाल पाय? तुम्ही?

सर : पायमोजा काढ माझा. डावा. मला वाकता येत नाही.

लेक : अरे देवा. हे फोड कधीचे आहेत? बाबा, दुखत नाही का हे?

सर : नाही ना. तेच.

लेक : आणि छोटीला घेऊन तुम्ही रोज... मी रोज तिला तुमच्या...

सर : हो. मला ठाऊक होतं, आणि मी चालवत होतो. याचा पार्ट चांगला होता. मी खोटं बोललो, तू ते खरं मानलंस, आणि हा आत्ता माझ्यासाठी स्वतःचं तोंड काळं करून घेत होता. या पोराला मी पट्टीनं मारलंय गं त्याच पायासाठी.

मिस्त्री : फार लागायची नाही सर.

सर : तू गप.

लेक : मी यांची लाज काढली. ग्रुपवर चोर म्हटलं. मिस्त्री, माझं चुकलं. आत्ता लिहिते, इथंच उभी राहून लिहिते. व्हॅनवाल्याला मी स्वतः फोन करते.

मिस्त्री : फोन करा. पण ग्रुपवर सरांचं काही नको. माझी समजूत चुकली, एवढंच टाका.

सर : नाही. ते मी लिहीन. अंगठा मीच दिलाय तिथं. ही घे चावी.

लेक : बाबा, नंतर बघू ना चावीचं.

सर : नंतर मी देणार नाही. ओळखतो मी स्वतःला. घे.

लेक : घेतली. चला घरी. उद्या आधी डॉक्टरकडे. आणि बाबा, छोटीला आणायला आपण दोघं जाऊ. मी वेळ काढीन.

सर : मी कुठं बसू मग?

लेक : तिच्या शेजारी, मागे. गिअर कितवा ते तुम्हीच सांगायचं तिला.

मिस्त्री : गाडी परवापर्यंत होईल ताई. आणि ही जुनी प्लेट?

लेक : ठेवा हो. टाका भंगारात. मला बघवणार नाही ती.

सर : दे इकडे. माझी आहे ती.

मिस्त्री : जड आहे सर.

सर : असू दे. हाताला कळतं अजून.