खालची फळी

भाची : अठ्ठेचाळीस. दोनदा मोजले मी, आत्या. भट्टी लावताना तू स्वतः लिहिलेल्या यादीत अठ्ठेचाळीसच वाडगे आहेत. खानावळवाल्या बाईंना शुक्रवारी साठ द्यायचेत. बारा गेले कुठे?

आत्या : गेले नाहीत. केलेच नाहीत.

भाची : मग खालच्या फळीवर काय ठेवलंयस?

आत्या : आहे काहीतरी. बस ना जरा. अशी भट्टीच्या भिंतीला टेकून बस, छान ऊब येतेय. उद्या सकाळपर्यंत दार उघडता यायचं नाही, उभी राहून काय करणार आहेस?

भाची : बाईंना फोन करणार आहे. त्यांची टेबलंसुद्धा मांडून झालीत.

आत्या : दहा मिनिटांनी कर.

भाची : बरं, बसले. बोल.

आत्या : मागच्या महिन्यात तू दातांच्या डॉक्टरकडे गेली होतीस ना, त्या दुपारी मी चाकावर बसले होते. उठले तेव्हा चाळीस वाडगे झालेले. ओळीनं, एकसारखे. निळी रेघ तेवढी काढायची राहिलेली. आणि मला त्यातला एकही केलेला आठवेना.

भाची : दमली असशील.

आत्या : दमले असते तर बरं होतं. दमणं अंगाला कळतं. मी चांगली ताजीतवानी होते. तेवढ्या वेळात मनातल्या मनात सगळा माळा आवरून झाला होता माझा. हात त्यांचे त्यांचे करत होते. मी तिथं नव्हतेच गं.

भाची : सव्वीस वर्षं करतेयस, हातात बसलंय. लोक त्यासाठीच तर येतात. लांबून बघून ओळखतात, हा तुझा वाडगा म्हणून.

आत्या : ओळखतात खरे. मला नाही ओळखू आले त्या दिवशी. भीती वाटली.

भाची : मला बोलली नाहीस.

आत्या : काय बोलणार होते? मग पहाटे जाग यायला लागली. डोळे मिटलेलेच असायचे, आणि आकार दिसायचे. पाण्याखाली ठेवल्यासारखे, काठ हलतायत असे. एक होता झोपलेल्या माणसाच्या खांद्यासारखा. एक नुसता वाकलेला. शेजारच्या खोलीत कुणी बोलतंय आणि हा ऐकतोय, असा.

भाची : त्यात ठेवायचं काय?

आत्या : मी कुठे अजून काही ठेवून पाहिलंय?

भाची : आणि माती? आपली माती एवढी वाकवली तर बसते खाली.

आत्या : पुलाखालची आणली थोडी. लाल बादलीत भिजत घातली होती.

भाची : त्या बादलीत मी फडकं भिजवलं होतं, साबण घालून.

आत्या : कळलं मला. एका तुकड्यावर फडक्याची वीण उठलीये. बरी दिसते.

भाची : हसू नकोस. न पारखलेली माती तू चांगल्या वाडग्यांबरोबर भट्टीत घातलीस. फुटून वर उडाली तर अठ्ठेचाळीसही राहायचे नाहीत.

आत्या : म्हणून तर खाली ठेवली, मध्ये जाड फळी घालून.

भाची : मला विचारायचं होतंस.

आत्या : तू नाही म्हणाली असतीस.

भाची : म्हणाले असते.

आत्या : आणि मी ऐकलं असतं. ते मला नको होतं.

भाची : मी आले तेव्हा काय होतं इथे? ऑर्डरी भिंतीवर खडूनं लिहिलेल्या, कुणाचं काय कुणाला जायचं पत्ता नाही. मी घडी बसवली सगळी.

आत्या : बसवलीस. इतकी छान बसवलीस की मला बसायला जागा उरली नाही.

भाची : हे लागलं मला.

आत्या : लागणारच. माझं चुकलं, आधी बोलायला हवं होतं.

भाची : सुट्टी घे ना. जा आठ दिवस कुठेतरी.

आत्या : सुट्टी घेऊन काय करू? मला इथंच, याच चाकावर, बिघडवायला जागा हवी आहे. एक फळी. तिच्यावर काय येणार हे आधी कुणाला सांगायला लागू नये. तुला नाही, मलासुद्धा नाही.

भाची : आणि काहीच धड आलं नाही तर?

आत्या : नाही येणार. पहिल्या वर्षी तुझ्या बाबानं माझ्या कपातून चहा घेतला, तर कान हातात राहिला आणि चहा सदऱ्यावर. पोळला बिचारा. तरी म्हणाला, रंग छान आलाय.

(दुसऱ्या दिवशी सकाळी. भट्टी उघडली आहे. वाडगे बाहेर काढून झाले आहेत आणि दोघी खालच्या फळीपाशी वाकल्या आहेत.)

भाची : वरचे सगळे शाबूत आहेत, नशीब. हा खांदा ना? दोन तुकडे झालेत.

आत्या : तीन. मागे बघ.

भाची : हा पातळवाला फळीलाच चिकटलाय, ओल्या कागदासारखा. आणि हे काय होतं?

आत्या : काय होतं ते आता सांगून उपयोग नाही.

भाची : सहातले पाच गेले, आत्या.

आत्या : सहावा दे. सांभाळून, आत अजून ऊब असेल.

भाची : घे. हा केवढा वाकलाय. आधीपासून एवढाच होता?

आत्या : नाही, भट्टीत आणखी वाकला. पार पडायला आला आणि थांबला. खिडकीपाशी चल.

भाची : रंग कुठला दिलास?

आत्या : दिलाच नाही.

भाची : मग हा... दिवे लावायच्या आधी खोलीत असतो ना, तसा आहे. निळा म्हणावा तर निळा नाही.

आत्या : हं.

भाची : कसा आला?

आत्या : माहीत नाही.

भाची : खरंच?

आत्या : खरंच. पुलाखालच्या मातीत काही असेल, नाहीतर तुझा साबण. किती वर्षांनी माझ्याच भट्टीतून आलेल्या वस्तूला काही विचारावंसं वाटतंय.

भाची : डोळे पूस.

आत्या : धग लागली.

भाची : भट्टी केव्हाच निवलीये. हा दुकानात ठेवू?

आत्या : नको. हा समोर ठेवून दुसरा करायचाय. तो बहुतेक फुटेल.

भाची : म्हणजे पुढच्या खेपेलाही खालची फळी लागणार.

आत्या : तू म्हणशील तसं.

भाची : मी म्हणेन तसं नको. इथून पुढे ऑर्डरी घेताना मी एका भट्टीत अठ्ठेचाळीसच धरते. खालच्या फळीपुढे यादीत काही लिहीत नाही.

आत्या : आणि त्या बाई?

भाची : लावते फोन. तू तो खाली ठेव आधी... नमस्कार, मी बोलतेय. वाडगे छान आलेत. शुक्रवारी अठ्ठेचाळीस देते, उरलेले बारा पुढच्या भट्टीनंतर... नाही, तुमचे नाही फुटले... बरी आहे की ती. काहीतरी करून बघतेय... काय ते आम्हालाही अजून कळायचंय.